भागीदारीतला वाद: नोटिशीच्या आधी हिशोब

नाशिकच्या अंबडमधले जॉबवर्कचे शेड असो, लासलगावची कांद्याची पेढी असो किंवा गोळे कॉलनीतले औषधांचे होलसेल दुकान, भागीदारांचे बिनसले की पहिली धाव वकिलाकडे आणि पहिली मागणी एकच: "साहेब, एक कडक नोटीस पाठवा." अनेकदा नुकसान इथूनच सुरू होते. त्या नोटिशीत रागाच्या भरात 'मी फर्म विसर्जित करत आहे' असे एक वाक्य गेले, तर बँकेचे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे) खाते, एमआयडीसीचा प्लॉट, जीएसटी नंबर आणि परवाने असे सगळे एकदम टांगणीला लागते. पुढे दोघांनाही ते नको असले, तरी वाक्य मागे घेणे सोपे नसते.

वाद वरून स्वभावाचा किंवा विश्वासाचा दिसतो. लवादापुढे (कोर्टाऐवजी नेमलेल्या खासगी पंचापुढे) किंवा कोर्टात गेला की तो हिशोबाचा होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग पुरावा, मग रोजचा धंदा चालू राहील अशी तात्पुरती व्यवस्था, मग हिशोब. नोटीस त्यानंतर, आणि कुठे दाद मागायची हे सर्वांत शेवटी. पुढचे विवेचन भारतीय भागीदारी कायदा, १९३२ खालच्या फर्मबद्दल आहे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट लिमिटेडचा रस्ता वेगळा असल्याने त्यांचा उल्लेख ओघात येईल.

डीड शोधा, शेवटपर्यंत वाचा

पहिले भागीदारी पत्र (डीड) आणि त्यानंतर झालेली सगळी पुरवणी पत्रे एकत्र करा. मुलाला आत घेतले, काका बाहेर पडले, बँकेने सांगितले म्हणून प्रमाण बदलले, अशा प्रत्येक वेळी नवे डीड झालेले असते. लवादाचे कलम बऱ्याचदा जुन्या डीडमध्ये असते आणि नव्यात फक्त 'बाकी अटी पूर्वीप्रमाणे' एवढीच ओळ असते. ही ओळ असणे किंवा नसणे यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

वाचताना चार गोष्टी हेरायच्या. फर्मला मुदत आहे की ती मुदत नसलेली, भागीदारांच्या मर्जीवर चालणारी 'अ‍ॅट विल' आहे? भागीदाराने बाहेर पडण्याची किंवा त्याला काढण्याची पद्धत लिहिली आहे का? वाद लवादाकडे न्यायचा असे कलम आहे का? आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा: पुस्तकी किमतीने की बाजारभावाने, गुडविल (धंद्याच्या नावाची आणि पतीची किंमत) धरून की सोडून? चौथ्या मुद्द्यावर बहुतेक डीड गप्प असतात, आणि सर्वांत जास्त भांडण तिथेच होते.

डीडच नसेल किंवा एखाद्या मुद्द्यावर ते काहीच बोलत नसेल, तर कायद्याचे कलम १३ लागू होते. त्यातले नियम अनेकांना धक्का देतात. भांडवल ८०:२० लावले असले तरी नफा-तोटा समान. दिवसभर कारखान्यात उभे राहणाऱ्याला पगार नाही. भांडवलावर व्याज नाही. भांडवलाखेरीज फर्मला उसने दिलेल्या रकमेवर मात्र सालिना ६ टक्के व्याज मिळते. 'पैसे मी घातले' असे म्हणणाऱ्याने ते पैसे पुस्तकात भांडवल म्हणून पडलेत की कर्ज म्हणून, हे आधी पाहावे.

त्याच वेळी फर्म नोंदलेली आहे का तेही तपासा. भागीदारी संस्था निबंधकांकडून नोंदवहीचा प्रमाणित उतारा घ्या आणि त्यात आजच्या सगळ्या भागीदारांची नावे आहेत का ते बघा. नोंदणी नसेल, किंवा दावा लावणाऱ्याचे नावच नोंदवहीत नसेल, तर कलम ६९ मुळे करारावर आधारलेला हक्काचा दावा भागीदाराविरुद्धही लावता येत नाही. विसर्जन मागण्याचा आणि विसर्जित फर्मचा हिशोब मागण्याचा हक्क मात्र शाबूत राहतो. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने हा हक्कही बराचसा काढून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तरीही 'आपली फर्म नोंदलेली नाही, म्हणजे काहीच करता येणार नाही' हा समज टिकून आहे. दावा लावण्याआधी नोंदणी करून घेता येते. दावा लावल्यानंतर केलेली नोंदणी तो दावा वाचवत नाही.

पुरावा गोळा करा, पण कुलूप बदलू नका

प्रत्येक भागीदाराला फर्मची पुस्तके पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क कलम १२ देते. तो वापरा आणि लेखी वापरा: 'अमुक तारखेला अकरा वाजता पुस्तके पाहायला येत आहे' असा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप आधी पाठवा. पुस्तके दाखवली नाहीत, तर तो नकारच पुढे तुमच्या कामी येतो.

टॅलीचा बॅकअप घ्या, तारीख टाका, पेनड्राइव्ह पाकिटात घाला आणि जमल्यास पाकिटावर दोघांच्या सह्या घ्या. मूळ संगणकातले काहीही पुसू नका. त्यानंतर ज्या नोंदींवर एकट्या भागीदाराला हात फिरवता येत नाही अशा बाहेरच्या नोंदी उतरवून घ्या: बँकेचे उतारे, जीएसटी पोर्टलवरची जीएसटीआर-१ (विक्री), ३बी (भरलेला कर) आणि २बी (पुरवठादारांनी दाखवलेली खरेदी) विवरणे, माल वाहतुकीची ई-वे बिले, आयकर पोर्टलवरचे २६एएस आणि एआयएस (कापलेला कर आणि मोठे व्यवहार दाखवणारे उतारे). पैसा बाहेर गेला असेल, तर तो बहुधा या कागदांच्या आपसातल्या तफावतीत सापडतो. २बीमध्ये एखाद्या पुरवठादाराची खरेदी दिसते, पण गोदामात माल आलेला नाही. ई-वे बिल निघाले आहे, पण त्या ग्राहकाची येणेबाकी पुस्तकात नाही. इंजिनिअरिंगच्या शेडमध्ये विजेचे युनिट वाढलेत आणि उत्पादन मात्र तेवढेच आहे. भंगाराच्या विक्रीकडे खास लक्ष द्या. टर्निंग आणि बोअरिंगचा बुरादा आठवड्याला जातो, वजनाची पावती वजनकाट्यावर असते आणि पैसे रोखीने कोणाच्या तरी खिशात पडतात.

व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण आणि ईमेल पुरावा म्हणून चालतात. मात्र भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागते. त्याचे दोन भाग असतात, एक ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) त्यात द्यावी लागते. नुसते स्क्रीनशॉट काढून मोबाइल विकून टाकणे महागात पडते. मूळ फोन जपा.

आता कुलूप. समोरच्याला शेडमध्ये येऊ न देणे, गेटवर वॉचमनला सूचना देणे, पासवर्ड बदलणे या सगळ्यांचा अर्थ कोर्ट एकच घेते: भागीदाराला धंद्यातून बेकायदा बाहेर ठेवले. धंद्यात भाग घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे, आणि डीडमध्ये तसा अधिकार दिलेला नसेल तर बहुमतानेही कोणाला काढता येत नाही. अधिकार असला, तरी तो प्रामाणिक हेतूनेच वापरावा लागतो (कलम ३३). ज्याने कुलूप लावले त्याची बाजू खरी असली, तरी मनाई हुकूम मागताना तो आरोपीसारखा उभा राहतो.

पोलिसांबद्दलही इथेच सांगायला हवे. 'फर्मचे पैसे खाल्ले' म्हणून विश्वासघाताची फिर्याद घेऊन आर्थिक गुन्हे शाखेकडे जाणारे बरेच असतात. फर्मच्या मालमत्तेवर प्रत्येक भागीदाराची मालकी असते. त्यामुळे ती मालमत्ता खास कराराने त्याच्याकडे सोपवलेली नसेल, तर भागीदारावर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा सहसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केले आहे. खोट्या सह्या, बनावट डीड, बनावट चेक ही गोष्ट वेगळी. तिथे तक्रार करावीच.

धंदा चालू ठेवणारी तात्पुरती व्यवस्था

बँकेला 'खाते गोठवा' असे पत्र देणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय आहे. वाद कळला की बँक खाते थांबवते. मग पगार थकतात, जीएसटी भरला जात नाही, सीसी खाते अनियमित होते. या सगळ्याची जबाबदारी कलम २५ प्रमाणे दोघांवर एकत्र आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे पडते. म्हणजे भांडणात तुमची बाजू खरी असली, तरी बँक तुमच्याच घरावर येऊ शकते.

त्याऐवजी पत्रात तीन गोष्टी मागा. यापुढे दोघांच्या संयुक्त सहीनेच व्यवहार व्हावेत. पगार, वीज बिल, पीएफ-ईएसआयसी, जीएसटी आणि कर्जाचा हप्ता एवढी देणी नेहमीप्रमाणे जावीत. नवे कर्ज किंवा वाढीव मर्यादा दोघांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये. वैयक्तिक हमी दिली असेल, तर पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेत असल्याचे भारतीय करार कायद्याच्या कलम १३० चा उल्लेख करून वेगळ्या पत्राने कळवा आणि त्या तारखेची बाकी बँकेकडून लेखी घ्या. आधीच्या बाकीची हमी यातून सुटत नाही, पण पुढची वाढ थांबते.

हिशोब: तारीख ठरवा, मगच आकडे

हिशोबाला एक कट-ऑफ तारीख लागते. बहुतेक जण ३१ मार्च धरतात, कारण ताळेबंद तयार असतो. इंजिनिअरिंग किंवा औषधांच्या धंद्यात ते चालते. पिंपळगाव किंवा दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाऊसला ३१ मार्च ऐन हंगामात येतो. कंटेनर समुद्रात असतात, परदेशी खरेदीदाराच्या दर्जाच्या तक्रारी आणि कपाती यायच्या असतात, शेतकऱ्यांचे हिशोब व्हायचे असतात. तिथे ३० जून धरणे शहाणपणाचे. कांद्याच्या पेढीत चाळीतला साठा प्रत्यक्ष वजन करूनच धरा. साठवणीत कांदा सुकतो आणि सडतो, त्यामुळे खरेदीच्या वेळचे वजन कट-ऑफला उरलेले नसते.

फर्मचा नेहमीचा सीए हुशार असला, तरी तो कोणा एकाच्या जवळचा असतोच. दोघांनी मिळून वेगळा सीए नेमा. त्याला कामाची लेखी चौकट आणि मुदत द्या, आणि यंत्रांची किंमत मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून करून घ्या.

आता एक उदाहरण, फक्त पद्धत कळावी म्हणून. अंबडचे सीएनसी जॉबवर्क, दोन भागीदार, नफा-तोट्याचे प्रमाण ६०:४०. पुस्तकात यंत्रे २२ लाख, माल ६ लाख, येणी १९ लाख, बँकेत २ लाख, एकूण ४९ लाख. देणी: सीसी १४ लाख, पुरवठादार ९ लाख, सरकारी देणी २ लाख. पहिल्या भागीदाराने फर्मला दिलेले कर्ज ८ लाख. भांडवल पहिल्याचे १२ लाख, दुसऱ्याचे ४ लाख.

व्हॅल्युअर सांगतो की यंत्रांचा बाजारभाव ३८ लाख आहे. घसारा भरपूर धरल्यामुळे पुस्तकी किंमत खाली आली होती. मालात १ लाखाचा माल पडून आहे, तो विकणार नाही. येण्यांपैकी ३ लाख बुडीत. म्हणजे यंत्रांवर १६ लाखांची वाढ आणि ४ लाखांची घट, निव्वळ वाढ १२ लाख. ती ६०:४० वाटली की पहिल्याला ७.२ लाख आणि दुसऱ्याला ४.८ लाख. भांडवल खाती झाली १९.२ लाख आणि ८.८ लाख. पहिल्याचे ८ लाखांचे कर्ज वेगळे, तेही त्याला मिळणार.

दुसरा भागीदार म्हणतो, "कारखाना ६१ लाखांचा आहे, चाळीस टक्के म्हणजे माझे २४ लाख." त्याचा हिस्सा ८.८ लाख आहे. मालमत्तेतून आधी बाहेरची देणी फिटतात, मग भागीदारांची कर्जे, मग भांडवल, आणि त्यानंतर काही उरले तर ते नफ्याच्या प्रमाणात. कलम ४८ चा हा क्रम दोघांनी समोरासमोर बसून कागदावर मांडला, की आवाज बऱ्यापैकी खाली येतात.

याच उदाहरणात समजा, दुसऱ्याने घरच्या गाडीचा विमा आणि दुरुस्ती असे १.५ लाख फर्मच्या खर्चात टाकले. ते खर्चातून काढून त्याच्या उचलीत टाकायचे. नफा १.५ लाखाने वाढतो, त्यातले ६० हजार त्याच्याच वाट्याला येतात आणि उचल १.५ लाखाने वाढते. निव्वळ परिणाम: त्याचा हिस्सा ९० हजारांनी कमी होऊन ७.९ लाख आणि पहिल्याचा ९० हजारांनी वाढून २०.१ लाख. 'दीड लाख खाल्ले' या आरोपावर दोन वर्षे घालवण्याआधी भांडण खरोखर किती रुपयांचे आहे, हे असे काढून बघावे.

गुडविलसाठी तीन वर्षांचा सरासरी नफा काढून त्याला ठरावीक पटीने गुणण्याची पद्धत रूढ आहे. पण राबणाऱ्या भागीदाराने पगार घेतला नसेल, तर त्याच्या कामाचा बाजारातला पगार आधी वजा करा. नाहीतर माणसाच्या कष्टालाच गुडविल म्हटले जाते. धंदा एकाच मोठ्या कंपनीच्या व्हेंडर कोडवर (पुरवठादार म्हणून तिने दिलेल्या क्रमांकावर) चालत असेल, तर ही पटही कमी धरावी.

मुलाच्या किंवा मेव्हण्याच्या नावाने त्याच मालाचा दुसरा धंदा काढल्याची तक्रार असेल, तर कलम १६ कामी येते. भागीदाराने फर्मशी स्पर्धा करणारा तसाच धंदा करून मिळवलेला नफा फर्मला द्यावा लागतो. दुसऱ्याच्या नावावर असेल, तर पैसा, ग्राहक किंवा यंत्र फर्मचे वापरले गेले हे दाखवावे लागते. इथे ई-वे बिले आणि समान ग्राहकांची यादी उपयोगी पडते.

निवृत्ती की विसर्जन

तीन किंवा जास्त भागीदार असतील आणि धंदा पुढे चालवायचा असेल, तर एकाची निवृत्ती हाच रस्ता. 'अ‍ॅट विल' फर्ममध्ये सगळ्यांना लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येते. मुदतीच्या फर्ममध्ये सगळ्यांची संमती किंवा डीडमधली तरतूद लागते.

भागीदार दोनच असतील तर मोठा सापळा आहे. एक बाहेर पडला की भागीदारीच उरत नाही, फर्म संपते. राहिलेला माणूस एकट्याचा मालक होतो, पॅन बदलतो, म्हणून जीएसटी नंबर नवा घ्यावा लागतो आणि शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ हा फॉर्म भरून वळवावे लागते. परवाने आणि व्हेंडर कोडही नव्याने. यातून सुटण्यासाठी बरेच सीए आधी पत्नीला किंवा मुलाला भागीदार करून घेणारे डीड करतात आणि त्यानंतर जुन्या भागीदाराची निवृत्ती करतात. फर्म आणि पॅन तोच राहतो. तडजोडीच्या टप्प्यावर हे सुचवा. एकदा विसर्जनाची नोटीस गेली की उशीर झालेला असतो.

विसर्जनच हवे असेल, तर 'अ‍ॅट विल' फर्ममध्ये कलम ४३ ची लेखी नोटीस पुरेशी आहे. नोटिशीत लिहिलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर ती पोचल्यापासून फर्म विसर्जित होते. मुदतीच्या फर्मसाठी कोर्टाकडे किंवा लवादाकडे कलम ४४ ची कारणे घेऊन जावे लागते: गैरवर्तन, कराराचा जाणूनबुजून किंवा वारंवार भंग, धंदा तोट्यातच चालणे, किंवा विसर्जन न्याय्य ठरेल असे दुसरे कारण.

विसर्जनाची तारीख डायरीत लाल शाईने लिहा. हिशोब आणि नफ्याचा हिस्सा मागण्याची मुदत त्या तारखेपासून तीन वर्षे आहे. 'दिवाळीनंतर बसून बोलू' असे म्हणत ही तीन वर्षे निघून गेलेली प्रकरणे थोडी नाहीत. बोलणी चालू असतील, तर देणे मान्य असल्याचे सहीनिशी लेखी घेत राहा.

नोटीस

नोटिशीत डीडची तारीख, कोणत्या कलमाचा भंग, कट-ऑफचा हिशोब, काय हवे आणि किती दिवसांत, एवढेच असावे. लवादाचे कलम असेल, तर त्याच नोटिशीत वाद लवादाकडे देत असल्याचे आणि लवादाचे नाव सुचवत असल्याचे स्पष्ट लिहा. लवाद कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ही नोटीस समोरच्याला मिळाली की लवादाचे काम कायद्याने सुरू झाले असे धरतात. पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. नातेवाईक भागीदार असेल, तर नोटीस जाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला. त्यामुळे बैठकीचे दार बंद होत नाही.

कुठे जायचे

लवादाचे कलम असेल, तर तिकडेच. समोरच्याने तरीही कोर्टात दावा लावला, तर पहिली कैफियत देण्याआधी किंवा देतानाच लवादाचा मुद्दा घ्या. नंतर तो हक्क जातो. कलमात 'फर्मचे सीए लवाद राहतील' असे असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते सहसा चालत नाही, कारण पक्षकाराशी व्यावसायिक संबंध असलेला माणूस अपात्र ठरतो. वाद उद्भवल्यानंतर दोघांनी लेखी सूट दिली तरच चालते. एका भागीदाराने एकट्याने लवाद नेमण्याचा अधिकारही आता टिकत नाही. ३० दिवसांत नाव ठरले नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ११ चा अर्ज करावा लागतो. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो.

तातडीची मनाई हवी असेल (यंत्रे हलवू नयेत, शेडमध्ये येऊ द्यावे, माल-यंत्रांची यादी कोर्टाने नेमलेल्या कमिशनरने करावी), तर लवाद नेमण्याआधीही त्याच कायद्याच्या कलम ९ चा अर्ज करता येतो. फर्म नोंदलेली नसली, तरी भागीदारी कायद्याचे कलम ६९ या अर्जाच्या आड येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निर्णय आहे. आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत लवादाचे काम सुरू करायचे, हे विसरू नका. रिसीव्हर (धंदा ताब्यात घेणारा कोर्टाचा माणूस) मागताना मात्र दहादा विचार करा. रिसीव्हर आला की मोठे ग्राहक ऑर्डर दुसरीकडे वळवतात आणि दोघांच्या हाती रिकामे शेड राहते. नाशवंत मालाच्या धंद्यात तर त्याचा उपयोग जवळपास शून्य.

लवादाचे कलम नसेल आणि वाद ३ लाखांच्या वरचा असेल, तर तो व्यापारी वाद ठरतो. तातडीची मनाई हवी नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पक्के केले. नाशिकला हा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या, सीबीएस बसस्थानकाजवळच्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. अर्जाची फी १,००० रुपये. १० ते ५० लाखांच्या वादाला मध्यस्थीची फी ३०,००० रुपये, ती दोघांनी निम्मी-निम्मी भरायची. मुदत तीन महिने, संमतीने आणखी दोन, आणि हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. समोरचा आलाच नाही, तर प्राधिकरण तसा अहवाल देते आणि तुमचा दाव्याचा रस्ता मोकळा होतो. तडजोड झाली, तर तिला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते.

खर्चाची तुलना करून बघा. ३० लाखांच्या वादात लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला नमुना दर धरला, तर लवादाची फी ९७,५०० अधिक २० लाखांवरच्या रकमेच्या ३ टक्के, म्हणजे १,२७,५०० रुपये; एकच लवाद असेल तर २५ टक्के जास्त, म्हणजे १,५९,३७५. वकील, सीए आणि बैठकीची जागा वेगळी. मध्यस्थीत प्रत्येकी १५ हजार. म्हणून लवादाचे कलम असले, तरी आधी दोन बैठका मध्यस्थासमोर करून बघा, असेच आम्ही सांगू. हिशोब तयार असेल तर त्या दोन बैठकांत पुष्कळ काम होते. तयार नसेल तर तिथे जाऊ नका, नुसती उणीदुणी निघतील.

एलएलपीच्या करारात वेगळी तरतूद नसेल, तर भागीदारांचे वाद कायद्यानेच लवादाकडे जातात. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये अन्यायाची तक्रार मुंबईच्या एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे), आणि त्यासाठी साधारण दहा टक्के शेअर हाती असावे लागतात.

तडजोडीचा कागद आणि त्यानंतरची धावपळ

हप्त्याने पैसे द्यायचे ठरले, तर पुढच्या तारखांचे चेक घ्या आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल, असे लिहा. मागच्या वर्षांची कराची देणी कोण भरणार, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर आणि गुगलवरची दुकानाची नोंद कोणाकडे राहणार, नाव कोण वापरणार, हेही लिहा. बाहेर पडणाऱ्याने तसाच धंदा करू नये ही अट ठरावीक काळ आणि ठरावीक भागापुरती, वाजवी असेल तरच टिकते. 'महाराष्ट्रात कुठेही, कधीही नाही' असे लिहून ती कमकुवत होते.

प्लॉट किंवा गाळा असेल, तर स्टॅम्प ड्युटी आधी काढा. ज्या भागीदाराने ती मालमत्ता फर्ममध्ये आणली त्याच्याऐवजी दुसऱ्याकडे ती जाणार असेल, तर खरेदीखताच्या दराने ड्युटी लागते. एमआयडीसीच्या प्लॉटला महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क वेगळे. शिवाय २०२१ पासून आयकर कायद्यात आलेल्या तरतुदींमुळे निवृत्ती किंवा विसर्जनात मालमत्ता किंवा जादा रक्कम दिली, तर कर फर्मवर बसू शकतो. सही करण्यापूर्वी सीएकडून हा आकडा काढून घ्या, नाहीतर तो राहिलेल्या भागीदाराच्या डोक्यावर येतो आणि भांडण पुन्हा पेटते.

शेवटचा हप्ता बँकेचे हमीमुक्तीचे पत्र हातात आल्यावरच द्यायचा, अशी अट बाहेर पडणाऱ्याने घालावी.

सह्या झाल्यावर जीएसटी आयुक्तांना निवृत्तीची लेखी सूचना एका महिन्यात गेलीच पाहिजे. जीएसटी कायद्याच्या कलम ९० प्रमाणे ती उशिरा गेली, तर सूचना पोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी निवृत्त भागीदारावर चालूच राहते. पोर्टलवर भागीदारांतला बदल १५ दिवसांत टाका. निबंधकांकडे बदल ९० दिवसांत कळवा. नोंदणीकृत फर्मची जाहीर सूचना शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी दैनिकात द्यावी लागते. ती दिली नाही, तर जुन्या ग्राहक-पुरवठादारांशी नंतर झालेल्या व्यवहारांतही तुमचे नाव ओढले जाते. औषधांच्या दुकानाने खास घाई करावी: फर्मची रचना बदलली की चालू परवाना जास्तीत जास्त तीन महिने वैध राहतो, त्याआधी नवा काढावा लागतो. बाजार समितीचा परवाना, अन्न परवाना आणि वीज मीटर यांवरची नावेही याच फेरीत बदला.

बाहेर पडणाऱ्याने पुस्तकांची, विवरणांची आणि टॅली बॅकअपची पूर्ण प्रत घेऊनच निघावे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. जुन्या वर्षाची नोटीस आली, तर त्या वेळी भागीदार असलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यावे लागू शकते, आणि तेव्हा कपाटाची चावी दुसऱ्याकडे असते.